धूरही जाळणारी शेगडी

भाचीनं अमेरिकेतल्या व्हरमाँटहून व्हिडिओ पाठवला. बाहेर गुडघाभर बर्फ, छपरावर लोखंडी धुराडं आणि धुराड्यातून काहीच येत नाही. नीट निरखलं तर तोंडाशी हवा तेवढी थरथरताना दिसते. मे महिन्यात भर दुपारी आमच्या सोलापुरात होटगी रोडच्या डांबरावर दिसते तशी. आईनं मोबाइल डोळ्यांजवळ धरून दोनदा पाहिलं आणि म्हणाली, "पेटलीच न्हाई ती अजून. पेटली असती तर धूर नसता का आला?"

पेटली होती. चार तासांपासून आत मेपलच्या ढलप्या जळत होत्या. भाचीनं या हिवाळ्यात घेतलेली ही लाकडाची बंद शेगडी 'हायब्रिड' ज्वलनाची आहे. हायब्रिड म्हटलं की आपल्या भागात आधी ज्वारी आठवते, मग पेट्रोल आणि बॅटरीवर चालणारी गाडी. इथं बॅटरी नाही, पंखा नाही. धूर जाळायच्या दोन वेगळ्या रीती एकाच पेटीत एकापुढं एक बसवल्या आहेत, म्हणून ती हायब्रिड.

आई बार्शीकडच्या खेड्यात वाढली. तुराट्या, शेणी, बाभळीच्या ढलप्या, ज्या दिवशी जे हाताला लागेल त्यावर तिनं भाकऱ्या भाजल्या. जाळ तिला माझ्यापेक्षा कितीतरी जास्त कळतो. तरी जाळ आहे आणि धूर नाही, हे तिला पटेना. तिला पटवताना जे जे सांगावं लागलं ते इथं लिहितो, कारण आपल्याकडं अजून पुष्कळ घरांत रोज चूल नाहीतर बंब पेटतो आणि धूर हा नशिबाचाच भाग समजला जातो.

सुरुवात मेणबत्तीपासून केली. लाइट गेली होती, मेणबत्ती लावलेलीच होती. फुंकर मारून ती विझवली. वातीतून पांढऱ्या धुराचा दोरा वर निघाला. पेटती काडी वातीला न लावता बोटभर वर, त्या दोऱ्यात धरली. ज्योत दोऱ्यावरून सर्रकन खाली धावली आणि मेणबत्ती पुन्हा पेटली. काडी वातीला लागलीच नव्हती. आईनं ते माझ्याकडून तीनदा करून घेतलं. मग म्हणाली, "म्हंजे त्यो धूर न्हाई, मेणच हाय की वर चाललेलं."

अगदी तेच. आणि लाकडाचंही तसंच आहे. लाकूड जळतं असं आपण म्हणतो, पण ज्वाळा जी दिसते ती लाकडाची नसते. चुलीत ढलपी सारली की आधी तिच्यातलं पाणी उडतं. ती 200-250 अंश सेल्सिअसच्या पुढं तापली की लाकूड आतून फुटायला लागतं आणि त्यातून वायू व डांबरासारख्या वाफा निघतात. हवा आणि पुरेशी धग मिळाली तर या वाफा पेटतात, तीच ज्वाळा. कोरड्या लाकडाच्या वजनाचा तीन-चतुर्थांशाहून जास्त भाग असा वाफ होऊन निघून जातो. मागं राहतो तो कोळसा, आपला आर, आणि तो ज्वाळेशिवाय लालबुंद होऊन सावकाश जळतो. लाकडातली निम्म्याहून अधिक उष्णता त्या निघून जाणाऱ्या वाफांत असते. त्या पेटल्या नाहीत तर बाहेर निवून त्यांचे बारीक थेंब होतात. डोळ्याला झोंबतो तो धूर हाच. धुराड्यात चिकट काळं डांबर होऊन बसतो आणि एखाद्या दिवशी धुराड्यालाच आग लावतो, तोही हाच.

तेव्हा धूर म्हणजे फुकट गेलेलं जळण. डोक्यावरून मोळी आणायची आणि तिच्यातला मोठा वाटा आढ्याला काळं करायला सोडून द्यायचा, असा तो व्यवहार आहे.

मग धूर पेटत का नाही? त्याला तीन गोष्टी एकाच वेळी लागतात. धग लागते, सुमारे 600 अंशांची. हवा लागते, आणि ती नुसती जवळपास असून भागत नाही, धुरात नीट मिसळायला हवी. आणि थोडा वेळ लागतो, म्हणजे त्या तापलेल्या जागेत धूर क्षणभर टिकायला हवा. तिन्हीतली एक जरी हुकली तरी धूर तसाच निसटतो.

आमच्या जुन्या वाड्यात तांब्याचा बंब होता. गड्ड्याच्या जत्रेच्या थंडीत पहाटे तो पेटवायचं काम माझ्याकडं असायचं. मधल्या नळीत तुराट्या, वर दोन ढलप्या, खालून काडी. पहिली पाच मिनिटं पिवळट दाट धूर, अंगण भरून. मग नळी तापली की बंब घुमायला लागायचा. खालच्या जाळीतून हवा जोरानं आत ओढली जायची आणि धूर निम्म्यावर यायचा. जळण पुरवावं म्हणून मी खालचं तोंड राखेनं जरा बंद केलं की घुमणं थांबायचं आणि पुन्हा धूर. आजोबा ओरडायचे, "धुपवू नकोस रे, जाळ कर!" हायब्रिड शेगडीला जो प्रश्न सोडवायचा आहे तो या एका वाक्यात आला. मोठा जाळ केला तर धूर पेटतो, पण जळण भराभरा संपतं. जळण पुरवायला जाळ दाबला तर सगळं धुपतं.

बंबात आणखी एक खोट होती, ती मला फार उशिरा कळली. नळीच्या चहूबाजूंनी पाणी. पाणी उकळतं 100 अंशांना, त्यामुळं नळीची भिंत त्याहून फारशी तापूच शकत नाही. 600 अंश लागणारी ज्वाळा त्या गार भिंतीला टेकते आणि अर्ध्यावर विझते. नळीतली ती बोटभर काजळी तिथून येत होती. पातेल्याचं बूडही याच कारणानं काळं होतं: ज्वाळा जळून पुरी व्हायच्या आधीच गार भांड्याला धडकते. म्हणून चांगल्या शेगडीचा पहिला नियम असा की धूर आधी पुरता जळू द्यायचा, उष्णता नंतर काढून घ्यायची. थंड मुलखातल्या या लोखंडी शेगड्यांना आतून भट्टीच्या विटांचं अस्तर असतं, ते आतली जागा तापलेली राहावी म्हणून.

आता त्या दोन रीती. पहिली आहे दुसऱ्या हवेची. जळणाला खालून किंवा समोरून मिळते ती पहिली हवा. दुसरी हवा शेगडीच्या तापलेल्या भिंतींमधून फिरवून, गरम करून, आतल्या छताजवळच्या नळ्यांतून सोडतात. नळ्यांना रांगेनं बारीक भोकं असतात. वर चढणारा धूर त्या भोकांपाशी पोचला की प्रत्येक भोकातून ज्वाळा सुटल्यासारखी दिसते, गॅसच्या बर्नरसारखी. खाली ढलपी निवांत, वर छताला अधांतरी जाळ. भाचीनं त्याचाही व्हिडिओ पाठवला होता. आई बराच वेळ बघत बसली. गार हवा सोडून चालत नाही, कारण ती धुराचीच धग मारते. हवा गरम करून द्यायची, यातच सगळी करामत आहे.

या रीतीचा कमकुवतपणा आजोबांनी सांगितला तोच. जाळ मोठा असेपर्यंत छताजवळ 600 अंश टिकतात. रात्री झोपताना हवा कमी करून शेगडी मंद केली की धग उतरते, वरची ज्वाळा विझते आणि उरलेली रात्र धूर बाहेर.

दुसरी रीत उत्प्रेरकाची. मोटारीच्या सायलेन्सरमध्ये असतो तो कॅटॅलिटिक कन्व्हर्टर याच जातीचा. अधूनमधून मोटारींचे सायलेन्सर चोरीला गेल्याच्या बातम्या येतात, त्या आतल्या प्लॅटिनम-पॅलेडियमसाठी. शेगडीत तो सिरॅमिकच्या किंवा स्टीलच्या विटेएवढ्या ठोकळ्याच्या रूपात असतो. ठोकळ्याला मधाच्या पोळ्यासारखी आरपार भोकं, आणि भोकांच्या आतल्या अंगाला त्या धातूंचा अतिशय पातळ लेप. धूर त्यातून जाताना लेपाला लगटून जातो, आणि एरवी 600 अंशांना पेटणारा धूर तिथं 260-300 अंशांनाच जळायला लागतो. लेप स्वतः जळत नाही, संपतही नाही. सोयरीक जुळवणाऱ्या मध्यस्थासारखं त्याचं काम: प्राणवायूची आणि धुराची गाठ घालून द्यायची, संसार त्यांचा त्यांनी करायचा. एकदा जळणं सुरू झालं की त्या उष्णतेनं ठोकळा स्वतःच तापत जातो, कधी लाल होतो, आणि खालचा जाळ मंद असला तरी धूर जळतच राहतो.

मग नुसता उत्प्रेरकच का नको? अमेरिकेत 1980 च्या सुमारापासून तशा शेगड्या विकल्या गेल्या. अडचण मोठ्या जाळाच्या वेळी येते. धूर खूप आणि वेगात असतो, भोकांतून क्षणात निघून जातो, लेपाला टेकायला त्याला सवड मिळत नाही. ज्वाळा थेट ठोकळ्यावर आदळली तर तो जास्त तापून लेप खराब होतो.

म्हणजे पहिली रीत मोठ्या जाळाला चांगली, मंद जाळाला निकामी. दुसरी मंद जाळाला उत्तम, मोठ्या जाळाला थिटी. हे दोन्ही एकत्र करावं, ही हायब्रिडची कल्पना. धूर आधी छताजवळच्या गरम हवेतून जातो, मग ठोकळ्यातून. जाळ मोठा असताना बहुतेक धूर वरच जळतो आणि ठोकळ्याला उरलेलं थोडंच निस्तरावं लागतं. रात्री वरची ज्वाळा विझली की सगळा भार ठोकळा घेतो. दोन पाळ्यांतले दोन कामगार म्हणा, गिरणगावातल्या लोकांना हे लगेच कळेल. आईला मात्र मी वैलाची उपमा दिली. चुलीपुढून उरलेली धग मागच्या वैलावर आमटी उकळायला वापरतो ना, तसा इथं पुढून उरलेला धूर मागं वापरायचा. "मग मागच्या जागी धूर थंडगार पोचला तर?" असं तिनं विचारलं. प्रश्न फार नेमका होता.

ठोकळा गार असेल तर तो काहीच करत नाही, उलट धुरानं तुंबतो. म्हणून शेगडीला एक झडप असते. पेटवताना ती उघडी ठेवून धूर थेट धुराड्यात जाऊ द्यायचा. ठोकळ्याजवळचा तापमापक 260-300 अंश दाखवायला लागला की झडप बंद करायची. मग धूर ठोकळ्यातून वळतो. पेटवल्यापासूनची ती वीस-पंचवीस मिनिटं हायब्रिड शेगडीही आपल्या चुलीसारखीच धुरकटते. जाहिरातीत हे ठळकपणे सांगत नाहीत, पण तिथल्या तक्रारी बहुतेक याच मिनिटांच्या असतात.

हे सगळं करायची गरज का पडली, तर नियमांमुळं. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेनं 1988 मध्ये लाकडी शेगड्यांच्या धुरावर पहिली देशव्यापी मर्यादा घातली. 1990 पासून उत्प्रेरक असलेल्या शेगडीला तासाला 4.1 ग्रॅम आणि नसलेलीला 7.5 ग्रॅम धूलिकण सोडायची मुभा होती. 2020 च्या मे महिन्यापासून ती सगळ्यांनाच 2 ग्रॅमवर आली, आणि परीक्षा नेहमीच्या फाडलेल्या लाकडावर दिली तर अडीच. दोन ग्रॅम म्हणजे चहाचा अर्धा चमचा साखर. तासभर लाकूड जाळून एवढाच धूर. या आकड्यात बसायला कारखानदारांनी जे मार्ग काढले त्यात हायब्रिड एक. नोव्हेंबर 2013 मध्ये वॉशिंग्टनच्या नॅशनल मॉलवर लाकडी शेगड्यांची जाहीर स्पर्धा झाली. तिथं पहिलं बक्षीस वुडस्टॉक सोपस्टोन या कंपनीच्या हायब्रिड शेगडीला मिळालं.

पण उत्प्रेरक नाजूक असतो. रंग दिलेलं किंवा औषध मारलेलं लाकूड, प्लॅस्टिक, दगडी कोळसा यांच्या धुरातली शिसं-गंधकासारखी द्रव्यं लेपावर बसली की तो मरतो. राखेनं भोकं बुजतात, मऊ ब्रशनं झाडावी लागतात. काही वर्षांनी ठोकळा बदलावाच लागतो, आणि तो स्वस्त नाही.

त्यामुळं ही शेगडी सोलापुरात आणावी असं मी म्हणणार नाही. आपल्याला घर गरम करायचंच नाही. इथं ते काम सूर्य गरजेपेक्षा जास्तच करतो. भाकरीला वीस-तीस मिनिटं खणखणीत जाळ लागतो, रात्रभराची मंद धग नको. ठोकळा तापेपर्यंत आपला स्वयंपाक उरकलेला असतो. शेणीत राख लाकडापेक्षा कितीतरी जास्त, आणि चूल पेटवायला प्लॅस्टिकची पिशवी घालायची वाईट सवय अनेक घरांत आहे. असा ठोकळा आपल्या चुलीत महिनाभरही टिकायचा नाही.

पहिली रीत मात्र आपली होऊ शकते, काही ठिकाणी झालीही आहे. चुलीत खाली जाळी बसवून हवा जळणाच्या पोटातून जाऊ देणं, मधली नळी मातीची जाड किंवा विटांची करून तापलेली ठेवणं, भांडं ज्वाळेच्या शेंड्यावर येईल इतकं वर ठेवणं आणि वरच्या भोकांतून गरम दुसरी हवा देणं, या तत्त्वांवरच सुधारित चुली बनतात. काहींना छोटा पंखा असतो. भारतीय मानक ब्युरोच्या 2013 च्या मानकात बिनपंख्याच्या चुलीनं लाकडातली किमान 25 टक्के आणि पंख्याच्या चुलीनं किमान 35 टक्के उष्णता भांड्यापर्यंत पोचवावी अशी अट आहे. तीन दगडांच्या चुलीत ही गोष्ट 10-15 टक्क्यांवर अडते. पंख्याच्या चुलीला धूलिकणांची मर्यादाही निम्म्याहून कमी ठेवली आहे, कारण हवा आणि धूर यांची मिसळण पंखा फार चांगली करतो.

धूर हेच जळण, हा विचार आपल्याच राज्यात दुसऱ्या अंगानंही वापरला गेला. पुण्याच्या 'आरती' संस्थेनं, डॉ. आनंद कर्वे यांच्या पुढाकारानं, उसाच्या पाचटाचा कोळसा करायची भट्टी तयार केली. तिच्यात पाचट तापवलं की निघणारा धूर बाहेर न सोडता खालच्या जाळात नेऊन जाळतात, आणि त्याच उष्णतेवर पुढचं पाचट भाजलं जातं. या कामाला 2002 मध्ये ॲशडेन पुरस्कार मिळाला. पंढरपूर-माळशिरसकडं फडाला काडी लावल्यावर आभाळ कसं काळवंडतं हे ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना यातलं मोल वेगळं सांगायला नको.

एक गोष्ट मात्र जपा. धूर दिसत नाही म्हणजे हवा चांगली, असं नाही. लालबुंद आरातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. थंडीत बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपलेली माणसं सकाळी उठत नाहीत ती यामुळं. धुरकट चुलीचं नुकसान हळूहळू होतं, पण तेही थोडं नाही: जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2020 या एका वर्षात घरातल्या चुली-शेगड्यांच्या प्रदूषणानं जगात सुमारे 32 लाख माणसं दगावली. आईचा खोकला आम्ही वर्षानुवर्षं "हवामानाचा" म्हणत आलो. गॅस आल्यावर तो निम्म्यानं कमी झाला, तेव्हा कळलं.

राहिला ओल्या लाकडाचा मुद्दा. हायब्रिड असो, बंब असो की तीन दगड, सगळ्यांचा शत्रू तोच. नुकत्याच तोडलेल्या लाकडात निम्मं वजन पाण्याचं असू शकतं. असं 10 किलो लाकूड घेतलं तर 5 किलो पाणी आणि 5 किलो लाकूड. ते पाणी तापवून उडवायला लाकडातली साधारण सातवा हिस्सा उष्णता जाते. एवढंच असतं तर चाललं असतं. खरं नुकसान वेगळं आहे: पाणी उडत असेपर्यंत जाळाची धग 600 अंशांवर चढत नाही, आणि उरलेल्या सहा हिश्शांतला मोठा भाग धूर होऊन जातो. ढलपीच्या टोकाला फेस येऊन सूं-सूं आवाज येतो, तो त्या तोट्याचा आवाज आहे. तिकडं थंड मुलखात लाकूड फाडून, रचून वर्ष-दोन वर्षं वाळवतात. आपल्याकडं एप्रिल-मेचं चाळीस अंशांवरचं कोरडं ऊन फुकट मिळतं, तरी वेडी बाभूळ तोडली की त्याच आठवड्यात चुलीत जाते.

मागच्या रविवारी भाचीचा फोन आला. शेगडीचा ठोकळा तापतच नव्हता, काच काळी पडत होती, घरात धुराचा वास. दुकानदार म्हणत होता, ठोकळा बदला. मी तिला तापमापक, झडप, राख असं एकेक विचारत होतो. आईनं फोन मागून घेतला.

"जळण कुठलं घातलंस गं?"

"नवीन आणलंय आजी, वाळलेलं म्हणूनच दिलंय."

"दोन ढलप्या घे अन् एकमेकीवर आपट. मला ऐकू दे."

भाचीनं फोन जमिनीवर ठेवला. वाळलेलं लाकूड टणकन वाजतं. इथं सोलापुरात आम्हाला ऐकू आलं ते ठप्प, पीठ मळल्या परातीत गोळा टाकल्यासारखं.

"ओलं हाय," आई म्हणाली. "ह्या साली न्हाई जळायचं ते. फोडून उन्हात रचून ठेव."